पद्मिनीचे शॉकअप बदलायचेत, गॅसचे टाकू का ओरिजिनलच बरे?

गाडीवान_७८

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

घरची प्रीमियर पद्मिनी आहे, १९७८ ची. आजोबांनी घेतली, मग अण्णांनी (वडील) चालवली, मधली सात-आठ वर्षं साताऱ्याला गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती आणि आता माझ्या गळ्यात पडलीय, म्हणजे खरं तर मीच पाडून घेतलीय. मागच्या वर्षी इंजिन खोललं, रिंगा, बेअरिंग, कार्बोरेटर, वायरिंग सगळं करून घेतलं, ब्रेकचे सिलिंडर आणि पाइप पण नवे टाकले. १०८९ सीसीचं इंजिन आता शिलाई मशीनसारखं चालतंय. राहिलं ते सस्पेन्शन.

स्पीडब्रेकर उतरला की पुढचं तोंड होडीसारखं दोन-तीनदा वरखाली होतं. मागचं मात्र उलटंच, मागची बाजू झुलत नाही, उडते. पुण्यात सिमेंटच्या रस्त्याचे जॉइंट लागले की मागून धाड धाड धाड, डिक्कीत कोणी नारळ फोडतंय असा आवाज. गेल्या आठवड्यात खंबाटकी घाट चढताना एका वळणावर ठिगळं मारलेला डांबरी पॅच होता, त्यावरून गाडीचा मागचा भाग चक्क वीतभर बाजूला सरकला, स्पीड चाळीससुद्धा नसेल. आई मागच्या सीटवर होती. तेव्हापासून म्हणते, तू ये गाडीनं, मी येते एसटीनं.

शॉकअप कधीचे आहेत देव जाणे. पुढचा डावा तेलानं ओला आहे, बाकीचे तीन कोरडे दिसतात. आता सल्ले असे मिळालेत: आमचा गॅरेजवाला म्हणतो पुढं ओरिजिनल टाइप टाकू आणि मागं एका छोट्या व्हॅनचे गॅसचे शॉकअप बसवू, खालचा ब्रॅकेट जरा वेल्डिंग करून सरकवावा लागेल, पण गाडी रोडला चिकटून चालेल. ऑफिसमधला मित्र म्हणतो पन्नास वर्षांपूर्वीचं डिझाइन परत कशाला घालतोस, बाहेरून ॲडजस्टेबल मागव. आणि चुलतभाऊ म्हणतो हेच खोलून तेल-सील बदलून घे, चारशे रुपयात काम. बजेट चारी मिळून पंधरा हजारापर्यंत. दोन वर्षांनी गाडीला पन्नास पूर्ण होतील, तेव्हा व्हिंटेज नंबर घ्यायचाही विचार आहे, त्यात काही अडचण येऊ नये.

जाणकारांनी प्लीज सांगा, काय करू?

रविवारचा_ड्रायव्हर

पद्मिनीचा धागा आणि एकही फोटो नाही? शॉकअपमधलं मला काही कळत नाही, पण फोटो टाका राव. हँडल गिअर आहे का?

गाडीवान_७८

हो, हँडल गिअर, पुढं सलग सीट. फोटो टाकतो, रंग अजून पुढच्या मडगार्डला बाकी आहे म्हणून लाज वाटतीय.

पाना_१२_१३

भावा, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, शॉकअप गाडी उचलून धरत नाही. गाडीचं वजन पुढं स्प्रिंगवर आणि मागं पाट्यांवर (एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या, ती पण स्प्रिंगच) असतं. स्प्रिंग एकदा दाबली की ती झुलतच राहणार, ते झुलणं मारून टाकणं हे शॉकअपचं काम. आत पिस्टन आहे, त्याला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह, तेल त्यातून कसंबसं पलीकडे जातं, त्यात हेलकाव्याची ताकद खर्ची पडते आणि तेल तापतं. बस्स, एवढंच. म्हणून खराब रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर आल्यावर शॉकअपला हात लावून बघ, कोमट-गरम लागला पाहिजे. तीन गरम आणि एक गार असेल तर गार असलेला मेलाय.

तुझी दोन्ही लक्षणं वेगळी आहेत हे तू स्वतःच लिहिलंयस आणि ते महत्त्वाचं आहे. पुढं होडीसारखं होतंय म्हणजे पुढचे शॉकअप गेलेत, त्यात वाद नाही. गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक-दीड वेळा झुलते, ते डोळ्याला दिसतं. चाक आणि ॲक्सल मात्र सेकंदाला दहा-बारा वेळा नाचतात, ते डोळ्याला दिसत नाही, कानाला आणि बुडाला कळतं. घाटात मागचं सरकलं ते यामुळंच, चाक त्या पॅचवर नाचत होतं, अर्धा वेळ हवेत, हवेतल्या चाकाला ग्रिप कुठून येणार. पण त्याला कारण एकटा शॉकअपच असेल असं नाही.

आता गॅस. लोकांना वाटतं गॅस म्हणजे तेलाच्या जागी गॅस. तसं नसतं, तेल दोन्हीत असतं. साध्या शॉकअपमध्ये दोन नळ्या, एकात एक, आणि बाहेरच्या नळीत वर थोडी हवा. खराब रस्त्यावर सतत घुसळून घुसळून तेलात हवेचे बुडबुडे होतात, ताकाला फेस येतो तसा, आणि फेसाला कसला आलाय अडथळा, पिस्टन त्यातून सटकन जातो. म्हणून घाटाच्या सुरवातीला बरी वाटलेली गाडी वर पोचेपर्यंत झुलायला लागते. त्या हवेच्या जागी शंभर-दीडशे पीएसआयनं नायट्रोजन भरला की फेस व्हायचं प्रमाण खूप कमी होतं. हा झाला कमी प्रेशरचा गॅस शॉकअप, आणि आपल्या रस्त्यांना तो चांगलाच, फक्त तुझ्या गाडीच्या मापाचा मिळाला पाहिजे.

दुसरा प्रकार एकाच नळीचा, त्यात तेल आणि गॅस यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन असतो आणि प्रेशर तीन-साडेतीनशे पीएसआय. तो थंड राहतो, उलटासुद्धा बसवता येतो, पण तो पिस्टनचा दांडा सतत बाहेर ढकलत असतो. बारा मिलीमीटरचा दांडा धरला तर एका शॉकअपमागे पंचवीस-तीस किलोचा रेटा. मागं दोन म्हणजे पन्नास-साठ किलो. नऊशे किलोच्या आसपासची गाडी, तिचा मागचा भाग रिकामा असताना आधीच हलका, त्यात तू पन्नास किलो आणखी उचलून दिलेस. उडणाऱ्या गाडीला हे औषध नाही.

आणि व्हॅनचे शॉकअप वेल्डिंग करून अजिबात नको. एक तर ते व्हॅनच्या वजनाला आणि व्हॅनच्या स्प्रिंगला जुळवलेले असतात. दुसरं, ब्रॅकेट सरकवला की शॉकअप तिरका होतो आणि तिरका झाला की त्याचा जोर दोनदा मार खातो, चालही कमी मिळते आणि लागणारा जोरही पूर्ण उभा लागत नाही. तीस अंश कलला तर पाऊण काम, पंचेचाळीस अंशाला निम्मंच. म्हणजे भारीतला शॉकअप आणून निम्मा वापरायचा.

तिसरं सगळ्यात मोठं, लांबी. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत माप घे. मग मागून जॅक लावून बॉडीला स्टँड दे (विटांवर ठेवून खाली जाऊ नकोस, हात जोडून सांगतो), चाकं लोंबू दे, परत तेच माप घे. मग उभ्या गाडीत ॲक्सल आणि वरचा बंप रबर (मोठ्या खड्ड्यात ॲक्सल ज्यावर टेकतो तो रबर) यांच्यात किती अंतर आहे ते मोज, पहिल्या मापातून वजा कर, रबर दबतो त्याचे एक-दोन सेंटीमीटर अजून वजा कर. नवीन शॉकअप पूर्ण बंद केल्यावर ह्या शेवटच्या आकड्यापेक्षा आखूड पाहिजे आणि पूर्ण उघडल्यावर लोंबत्या मापापेक्षा लांब. पहिलं चुकलं तर मोठ्या खड्ड्यात रबराच्या आधी शॉकअपच आदळतो, दांडा वाकतो नाहीतर बॉडीचा माउंट फाटतो. दुसरं चुकलं तर ॲक्सल शॉकअपला लटकतो. मापं टाक इथे.

टर्बो_तात्या

एवढं काय मोजायचं त्यात, मी माझ्या जुन्या गाडीला एकाच नळीवाले भारीतले टाकलेत, हायवेला एकशेदहाला पण हलत नाही.

पाना_१२_१३

तात्या, हायवेला नाही हलणार, मान्य. उंब्रजच्या आतल्या रस्त्याला आणा एकदा. चाक खाली यायला उशीर लागेल इतका शॉकअप कडक असला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पुरतं खाली येतच नाही, पुढचा खड्डा येतो, गाडी प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी दगडासारखी आपटत चालते. शिवाय पद्मिनीला चारी बाजूंना ड्रम ब्रेक. एकशेदहाला चालवायची कशाला?

काळीपिवळी

गाडीवान भाऊ, आमच्या वडिलांनी दादरच्या स्टँडवर सव्वीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा वडील टीव्हीसमोर बसून होते, काही बोलले नाहीत, जेवले पण नाहीत नीट. तर गाडी कुर्ल्याला बनायची आणि तिचं सगळं आयुष्य मुंबईच्या खड्ड्यांत जायचं, त्यामुळे शॉकअप या विषयात आमच्या घरात पीएचडी आहे.

माझा एकच प्रश्न, पाटे मोजलेस का? दोन्ही बाजूचे मोज, आणि प्रत्येक पाट्याची जाडी बघ. आमच्या गाडीत सीएनजी लावला तेव्हा डिक्कीत सिलिंडर आला, साठ-सत्तर किलो कायमचे, वर पॅसेंजरच्या बॅगा. मागून गाडी बसायला लागली म्हणून सगळ्यांनी एक-एक पाटा एक्स्ट्रा मारून घेतला होता. भरलेल्या टॅक्सीला ते ठीक होतं. सिलिंडर काढला आणि पाटा तसाच राहिला तर गाडी मागून अशीच उडते जशी तू लिहिलीयस. तसलीच गाडी कोणाच्या घरी गेली की तो बिचारा शॉकअप बदलत बसतो.

अजून, पाट्यांच्या मधे गंज भरलाय का बघ. पाटे एकमेकांवर घासत सरकले पाहिजेत, ते घासणं पण थोडं शॉकअपचंच काम करतं. पण गंजून एकमेकांना चिकटले तर सगळा जुडगा एकच जाड पट्टी होऊन बसतो, छोट्या खड्ड्याला हलतच नाही. खोलून, तारेच्या ब्रशनं घासून, ग्राफाइट ग्रीस लावून परत बांधायचे. खोलतोच आहेस तर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) नवे टाक, जुना ताणलेला यू-बोल्ट परत कसू नये असं वडील सांगायचे, एकदा त्यांचा वरळीच्या सिग्नलला तुटला होता.

शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी कडी) रबरी बुश बघ. पुढं खालच्या आर्मचे बुश आणि किंगपिन (पुढचं चाक ज्या पिनवर वळतं ती) पण बघ, चाक धरून वरखाली हलव, खट असा खेळ लागला तर नवीन शॉकअपचे पैसे पाण्यात. किंगपिनच्या निप्पलला ग्रीस मारतोयस ना? आजकालच्या पोरांना निप्पल आहे हेच माहीत नसतं.

आणि लाख मोलाची गोष्ट, बुशचे नट गाडी जॅकवर लोंबत असताना कसायचे नाहीत. नुसते लावून ठेवायचे, गाडी खाली चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसू द्यायची आणि मग खाली झोपून फायनल कसायचे. लोंबत्या गाडीत कसलं तर रबर त्या पोझिशनला धरला जातो आणि गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो, तीन महिन्यात फाटतो. दहातले आठ मिस्त्री घाईत हेच करतात.

गाडीवान_७८

काळीपिवळी दादा, अंगावर काटा आला. आत्ता अण्णांना फोन केला होता, म्हटलं आपल्या गाडीला कधी गॅस होता का. म्हणाले, होता की, तू तिसरी-चौथीत असशील, पेट्रोल परवडेना म्हणून किट बसवलं होतं, मग डिक्कीत सामान राहीना म्हणून तुझ्या आईनं ते काढायला लावलं. पाट्याचं विचारलं तर म्हणतात आठवत नाही. शनिवारी साताऱ्याला जातोय, मोजतो.

जुनं_ते_सोनं

व्हिंटेज नंबरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. केंद्र सरकारचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि मोठा फेरबदल म्हणजे चासी, बॉडी शेल, इंजिन यात केलेला बदल. शॉकअप ही झिजणारी वस्तू आहे, बोल्टनं लागते, बोल्टनं निघते, कोणत्या कंपनीचा टाकला याला कोणी विचारत नाही. पण बॉडीला वेल्डिंग करून माउंट हलवलास की तू स्वतःहून बॉडी शेलला हात लावलास. तपासणीला येणाऱ्यानं बोट ठेवलं तर काय सांगणार?

दुसरं, नवीन नोंदणीची फी वीस हजार आहे आणि नंबर व्हीए सिरीजचा मिळतो, ते सगळं छानच, पण ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे आईला मागं बसवून साताऱ्याला जायचं हा तुझा उद्देश असेल तर व्हीए तुझ्या कामाचं नाही, साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी रिन्यू करत राहा. आधी ठरव गाडी मिरवायची आहे का वापरायची आहे.

चुलतभावाच्या चारशे रुपयांबद्दल: तेल-सील बदलणारे कारागीर आहेत, काही खरोखर हुशार आहेत. पण आतले व्हॉल्व्ह आणि त्यांच्या पातळ पट्ट्या झिजलेल्या असतील तर नुसतं तेल बदलून काही होत नाही, आणि बरेचजण हाताला लागेल ते तेल ओततात. थंडीत कडक, उन्हात पाणी. आणि गॅसचा कोणताही शॉकअप कापायला, भोक पाडायला किंवा त्याच्याजवळ वेल्डिंग करायला कोणालाही देऊ नकोस, आत प्रेशर असतं, बंदुकीसारखा सुटतो.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमध्ये माझ्याकडे १९६७ ची मॉरिस मायनर आहे (हो, आपल्याकडे बेबी हिंदुस्थान म्हणून जी यायची तिच्याच खानदानातली), म्हणून हा धागा बघून राहवलं नाही. पद्मिनीवाले नशीबवान आहात, तुम्हाला निदान नळीसारखे साधे शॉकअप तरी आहेत. मायनरला आर्मस्ट्राँगचे लिव्हरवाले आहेत, धातूच्या डब्यात तेल आणि बाहेर एक दांडी, आणि पुढच्या चाकाला वरून धरायचं काम पण तीच दांडी करते. म्हणजे शॉकअपचा बेअरिंग झिजला की चाकाचा कोनच बिघडतो. नुसता काढून फेकता पण येत नाही.

मी पण हौसेनं नळीवाल्या शॉकअपचं कन्व्हर्जन किट आणलं. ते लिव्हरवालं जागेवरच राहतं, चाक धरायला, आणि बाजूला नवा शॉकअप लागतो. पुढं फरक पडला, झकास पडला, खोटं कशाला बोलू. मागं मात्र मी शहाणपणा केला आणि हायवेवर बरा वाटेल म्हणून कडकातला सेट घेतला. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली यापेक्षा बैलगाडी बरी. गाडी इतकी हलकी की तो शॉकअप आत जातच नव्हता. सहा महिन्यांनी निम्म्या किमतीत विकला आणि साधाच टाकला.

ॲडजस्टेबलबद्दल: कोनी कंपनीचे जुन्या गाड्यांसाठी येतात ते चांगले असतात पण त्यातले बरेच गाडीवरून उतरवून, पूर्ण दाबून, पिरगाळून सेट करायचे असतात, आणि बदलतं ते फक्त शॉकअप उघडतानाचं कडकपण. लोकांना वाटतं बटण फिरवलं की झालं. लोक एकदा लावतात आणि जन्मात परत हात लावत नाहीत. तुझ्या बजेटमध्ये येणारही नाहीत, कस्टम ड्यूटी वेगळी. मी असतो तर नाना पेठेत, नाहीतर मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन मापाचे नवे शोधले असते. फक्त वर्षानुवर्षं दुकानात पडलेले असतील तर सील वाळलेले असतात, दांड्यावर गंजाचा एक ठिपका दिसला तरी घेऊ नको.

पाना_१२_१३

+१. आणि नवीन साधा शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून पाच-सहा वेळा हातानं पूर्ण ओढ-दाब कर. बॉक्समध्ये आडवा पडून आत हवा गेलेली असते, सुरवातीला मध्येच पोकळ लागेल, मग एकसारखा जड लागायला लागेल. तसा एकसारखा झाला नाही तर दुकानदाराच्या तोंडावर परत कर. ओढताना जड आणि दाबताना त्यापेक्षा हलका लागला तर घाबरू नको, तो तसाच असतो.

गाडीवान_७८

मंडळी, उशीर झाला, तीन शनिवार-रविवार गेले यात. सगळं सांगतो.

पाटे मोजले. दोन्ही बाजूला सारखेच होते म्हणून आधी वाटलं चला, हे काही नाही. मग काळीपिवळी दादांचं आठवलं आणि जाडी बघितली, तर खालून दुसरा पाटा बाकीच्यांपेक्षा जाड, कडा वेगळ्या कापलेल्या, दोन्हीकडे तोच. अण्णा शेजारीच उभे होते, दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, अरे हो, लोणंदच्या त्या पाटेवाल्याकडनं घातला होता. पंचवीस वर्षं तो पाटा नसलेल्या सिलिंडरचं वजन पेलायची वाट बघत बसला होता.

आता पानासाहेबांची मापं. गाडी उभी असताना आणि चाकं लोंबताना घेतली, मागच्या शॉकअपमध्ये जेमतेम अडीच सेंटीमीटरचा फरक! म्हणजे गाडी मागून इतकी वर उचलली गेली होती की शॉकअप उभ्या गाडीतच जवळपास पूर्ण उघडलेला. जॉइंटवरून चाक खाली गेलं की शॉकअप आतून टोकाला आपटायचा, तो नारळ फोडल्याचा आवाज तोच. गॅरेजवाल्याकडे जाऊन व्हॅनचा शॉकअप पण मोजला, बंद केल्यावर माझ्या हिशोबापेक्षा चार सेंटीमीटर लांब निघाला. तो पाटा काढल्यावर बसवला असता तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात वरचा माउंट गेला असता. त्यांना दाखवलं, ते म्हणाले, आम्ही बसवलेत हो बऱ्याच गाड्यांना. मी वाद घातला नाही.

पाटे साताऱ्यातच खोलून घेतले, गंज इतका की एकेक पाटा हातोड्यानं सुटा करावा लागला. जादाचा काढला, बाकीचे घासून ग्रीस लावून बांधले, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट, शॅकलचे बुश नवे. गाडी मागून दीड-दोन इंच खाली आली. मुद्दाम आधी जुन्याच शॉकअपवर चालवून बघितली, धाड धाड बंद! उडणं अर्ध्याच्या वर कमी. पण आता मागचं पण पुढच्यासारखं झुलायला लागलं, म्हणजे जुने शॉकअप मेलेलेच होते, फक्त कडक पाट्यांमुळं कळत नव्हतं.

मग नाना पेठेत दोन फेऱ्या मारल्या. पुढचे साधे तेलाचे, मापाचे, नवे मिळाले. मागचे कमी प्रेशरच्या गॅसचे मिळाले, मापं वहीत लिहून नेली होती, दुकानदाराच्या काउंटरवर टेप लावून मोजले, तो जरा चिडला. ब्रॅकेटला हात न लावता बसले. चारी मिळून बुशसकट अकरा हजारात काम झालं. नट खाली झोपून, गाडी चाकांवर असताना कसले, मिस्त्री म्हणाला असं कोणी करत नाही, मी म्हटलं करू आपण. किंगपिनमध्ये उजवीकडे थोडा खेळ आहे, ते पुढच्या महिन्यात. ग्रीस मारतोय दादा, निप्पल माहीत आहेत!

परवा खंबाटकी चढलो, त्याच पॅचवरून, मुद्दाम त्याच स्पीडनं. गाडी हलली, पण सरकली नाही. आई मागं बसली होती, तिला सांगितलं नव्हतं पॅच आलाय म्हणून, ती शेंगा सोलत होती. वळणावर गाडी अजून कलते, सलग सीटवर मी दरवाज्याकडं घसरतो, पण ते पद्मिनीचंच आहे, ते काढायचं नाही.

व्हीए नंबरचा विचार सोडला. घरात विचारलं तर सगळ्यांचं एकच, नुसती ठेवायची असेल तर कशाला एवढा खर्च केलास.

आणि तो जाड पाटा भंगारात द्यायला अण्णा तयार नाहीत. लागेल कधीतरी म्हणतात. सध्या दोन्ही पाटे गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेत.

काळीपिवळी

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, पाटे पावसात ठेवू नका म्हणावं, आणि पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत एकदा कसा, नवे यू-बोल्ट बसतात थोडे.

रविवारचा_ड्रायव्हर

आता तरी फोटो?